आमदार बुडाले की शाळा बंद

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. वडील सहावीतून उठले ते थेट दगडखाणीवर गेले. आई शाळेत गेलीच नाही. डोकं कमी होतं म्हणून नव्हे, ओढा आडवा होता म्हणून. आमची वाडी मुळशीच्या डोंगराच्या पोटाला, चौथीपर्यंतची शाळा वाडीत (आईच्या लहानपणी तीही नव्हती), आणि पाचवीपासूनची ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात. उन्हाळ्यात हा ओढा इतका गरीब, की त्यात शेळ्या झोपायच्या. जून ते सप्टेंबर मात्र तो कुणाचं ऐकायचा नाही.

पाचवी ते सातवी आईनं मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला. दप्तर तिच्या डोक्यावर, मी तिच्या पाठीवर, आणि लुगडं कंबरेपर्यंत भिजलेलं. मला पलीकडं ठेवून ती तशीच ओली दुसऱ्याच्या खाचरात भातलावणीला जायची. आठवीपासून मी अंगानं मोठी झाले आणि तिला पेलेना. मग पावसाळ्याचे चार महिने मी ओढ्यापलीकडं, चांदे गावात मावशीकडं राहायला लागले. तिथूनच मोठ्या गावच्या हायस्कूलला जायचं. मावशीकडं दोन खोल्या, सात माणसं, आठवी मी. भांडी मी घासायची हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

एवढं करून मी बी.ए. झाले. वाडीतली पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पदवीचा कागद आईनं देवाच्या फोटोशेजारी टांगलाय, देवापेक्षा बोटभर वर.

पण हे माझ्याबद्दल नाही. हे आमच्या खंडोबाच्या देवळाच्या गुरवाबद्दल आहे. सगळी वाडी त्यांना तात्या म्हणायची. त्यांचं पूर्ण नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल.

तात्यांची आणि माझी ओळख झाली ती एका दगडामुळं. ओढ्याच्या काठावर साकवाची कोनशिला होती. साकव, म्हणजे पायी माणसापुरता छोटा पूल, तो नव्हता. फक्त कोनशिला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, माणसाच्या छातीइतका उंच उभा दगड. सगळ्यात वर मंत्र्यांचं नाव, त्याखाली आमदारांचं, त्याखाली जिल्हा परिषद सदस्यांचं आणि अगदी तळाला, जागा उरली होती म्हणून, सरपंचांचं. भूमिपूजन अर्थातच उन्हाळ्यात झालं. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले आणि सगळे गाड्यांत बसून गेले. मागं दगड राहिला.

वाडीनं त्या दगडाकडं दोन वर्षं आशेनं पाहिलं. तात्यांनी पहिल्याच पावसाळ्यात त्याला कामाला लावलं. रोज सकाळी देवाची पूजा आटोपली, की ते हातात घंटा घेऊनच काठावर यायचे, वाकून पाणी कुठवर आलंय ते बघायचे आणि वाडीकडं तोंड करून ओरडायचे.

"सरपंच बुडालं", म्हणजे पाणी गुडघ्याला, पोरं आपापली जातील. "सदस्य बुडालं", म्हणजे कंबरेला, मोठ्या माणसानं सोबत जायचं. आणि "आमदार बुडालं, घरी जावा", म्हणजे शाळा बंद. मंत्री बुडालेले मी लहानपणी एकदाच पाहिले. त्या दिवशी खालच्या आळीतल्या गोठ्यांत पाणी शिरलं होतं.

सहावीत असताना मी चार दिवसांच्या खाड्यानंतर शाळेत गेले. वर्गावर लातूरकडच्या नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, इतके दिवस कुठं होतीस? मी खरं तेच सांगितलं, आमदार बुडाले होते. बाई बिचाऱ्या पांढऱ्याफटक पडल्या आणि मुख्याध्यापकांकडं धावल्या. मुख्याध्यापक वाडीचे जुने जाणकार होते, म्हणून सगळ्या शाळेचं श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहायचं वाचलं.

तात्या दिसायला शेवग्याच्या शेंगेसारखे. उंच, वाळलेले, थोडे वाकलेले. बोटांच्या पेरांनी प्रत्येक वस्तू ठोकून बघायची त्यांना सवय होती. नारळ तर ठोकायचेच, पण घागर, दार, भिंत, दुसऱ्याच्या नव्या मोटारसायकलची टाकी, सगळंच. ठोकायचे, कान लावायचे, आणि काही न बोलता पुढं जायचे. माझा बारावीचा निकाल दाखवला तेव्हा त्यांनी तो कागदही एकदा टिचकी मारून पाहिला.

त्यांचा दुसरा ठेका म्हणजे "आन मग?" कुणी काहीही सांगितलं की ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि हे दोन शब्द टाकायचे. प्रचाराला आलेला माणूस सांगायचा, आमची सत्ता आली की घरोघरी नळ. तात्या विचारायचे, आन मग? मग त्या नळाला पाणी. आन मग? तिसऱ्या "आन मग"ला बहुतेक कार्यकर्त्यांना पुढच्या वाडीला उशीर झालेला असायचा.

प्रत्येक निवडणुकीनंतर तात्या सगळ्या पक्षांचे झेंडे गोळा करायचे, पक्षपात न करता. त्यांचं दीड खाचर भात होतं. दाणा भरायला लागला की पाखरांसाठी ते प्रत्येक बांधावर वेगळ्या पक्षाचा झेंडा लावायचे आणि कोणत्या झेंड्याला पाखरं किती दिवस भितात ते बघायचे. मी एकदा निकाल विचारला.

"समदं सारखंच," ते म्हणाले. "पाखरं दोन दिस भित्यात, तिसऱ्या दिशी त्येच्यावरच बसून घाण करत्यात. पाखराला दोन दिसांत कळतं, पोरी. आपल्याला किती वरसं झाली?"

आता आमच्या वाडीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. निवडणूक आली, की उमेदवाराची माणसं वाडीला देवळात बोलवायची. देवासमोर ताटात भंडारा आणि बेलाची पानं ठेवायची. प्रत्येकानं चिमूटभर भंडारा आणि एक पान उचलून कपाळाला लावायचं आणि म्हणायचं, आमचं मत अमुक चिन्हाला. याला भंडारा उचलणं म्हणतात. एकदा उचलला की उचलला. मोडला तर देव बघतो. मतदान गुप्त असतं हे कायद्याला माहीत होतं, खंडोबाला नव्हतं.

बदल्यात देवळाला काहीतरी मिळायचं. एका पक्षानं घंटा दिली. दुसऱ्यानं बघितलं की घंटा दिली की वाडी मिळते, म्हणून त्यानं मोठी घंटा दिली. आज आमच्या एवढ्याशा देवळात पाच घंटा आहेत. आमचा देव बहिरा आहे असा सर्वपक्षीय समज दिसतो.

ताट फिरवायचं काम गुरवाचं. म्हाताऱ्यापासून सुरुवात, उजवीकडून डावीकडं, शेवटी नव्यानं मतदार झालेली पोरं. माझं पहिलं मतदान होतं तेव्हा ताट माझ्यासमोरही आलं. त्याच आठवड्यात मी कॉलेजात राज्यशास्त्राच्या पेपरात गुप्त मतदानाचं महत्त्व या विषयावर दोन पानं भरून लिहून आले होते. बाईंनी शेजारी "छान" असा शेरा दिला होता. आणि संध्याकाळी मी देवळात गुपचूप एका चिन्हाला भंडारा उचलला. तात्यांनी ताट पुढं नेताना माझ्याकडं पाहिलं आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, "आन मग?"

मला राग आला. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, की तुम्ही स्वतः किती वेळा उचललाय?

"कदीच न्हाई."

"कसं काय?"

"माजं हात भरल्यालं असत्यात की. ताट कोन धरनार?"

पन्नास वर्षं हा माणूस सगळ्या वाडीला शपथा देत होता आणि स्वतः एकाही पक्षाला बांधलेला नव्हता. आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, मग बाकीच्यांना का उचलू देता? त्यांनी बोटांना लागलेला भंडारा धोतराला पुसला. मग म्हणाले, "देवाला आपन रोज ववाळतो. तरी पेरताना आभाळ बघूनच पेरतो ना? देवाचं आसं, तर ह्येंच्यासाठी डोळं कशापायी मिटायचं? पन ह्ये मी सांगून कुनाला पटनार. लोकांनी हात पुढं केला तर गुरवानं ताट मागं घ्येयाचं नसतं."

म्हणजे त्यांचीही पंचाईत होतीच. फक्त ती त्यांनी ताटाखाली झाकून ठेवली होती.

पदवीनंतर मला हिंजवडीत एका कंपनीच्या ऑफिसात काम मिळालं आणि मी महाळुंग्याला तिघींबरोबर भाड्यानं राहायला लागले. नवी सोसायटी, अठरा मजले, सगळे शिकलेले. मला वाटलं, इथं भंडारा नसेल. नव्हताच. त्याची गरज नव्हती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक सकाळी दात घासायच्या आधी आपापल्या नेत्याची बाजू लढवायला बसायचे. आमच्याच मजल्यावरचे दोन शेजारी, एक विदर्भातले, एक साताऱ्याकडचे, दोघांची पोरं एका वर्गात. पक्षावरून असे भांडले, की एक लिफ्टमध्ये असेल तर दुसरा अकरा मजले जिन्यानं चढायचा. दरम्यान सोसायटीला पाणी टँकरनंच येत होतं, दोघांनाही.

एका रविवारी वाडीला गेले तेव्हा हे तात्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या लोकांना पक्षानं काय कबूल केलंय, सभामंडप? मी म्हटलं, काही नाही. घंटा तरी? तीही नाही. तात्यांना खरंच वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या वाडीला सांगून टाकलं होतं, की हिच्या बिल्डिंगीतली लोकं लई गरीब हायेत, फुकाटच भंडारा उचलत्यात.

आता मूळ गोष्ट.

मध्यंतरी साकवाचं आणखी दोनदा भूमिपूजन झालं होतं. ओढा तोच, पण प्रत्येक वेळी जागा नवी, कारण आधीच्या पक्षाच्या दगडाशेजारी नव्या पक्षानं पूल बांधणं अपमानाचं. एकानं मंजुरी आणली की दुसरा जागेवर हरकत घ्यायचा. मी एकदा चौकशी केली तेव्हा कार्यालयात कळलं, की साकव तीनदा मंजूर आहे, जागेबाबत वाद असल्यामुळं प्रलंबित. तीन कोनशिलांपैकी पहिली पाणी मोजत होती. दुसरीवर तात्या कपडे धुवायचे. तिसरी आडवी पडली, तेव्हा त्यांनी ती देवळाची पायरी केली.

माझी धाकटी बहीण तेव्हा सातवीत होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून हुशार. जूनमध्ये ती आठवीला हायस्कूलला जाणार होती. पण आता आईचे गुडघे गेले होते आणि मावशीचं घर गेलं होतं. चांद्यात प्लॉट पडले, मावशी जागा विकून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. म्हणजे मिरगाच्या आत साकव झाला नाही तर धाकटी चार महिने घरी. आणि आमच्याकडं चार महिने घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत गेली असं सहसा झालेलं नाही.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमचे सदस्य म्हणजे अण्णा. दगडावर तिसऱ्या ओळीत ज्यांचं नाव होतं तेच. ते आले, देवळात वाडी जमवली आणि म्हणाले, त्या दगडावर माझं नाव आहे, मी साकव विसरलेलो नाही. तात्या म्हणाले, "हाय की. दरसाल न्हाऊन निघतंय." लोक हसले, अण्णाही हसले, आणि मग ताट फिरलं. वाडीनं अण्णांच्या पक्षाच्या चिन्हाला भंडारा उचलला. आईनंही. साकवासाठी तिनं दोन्ही हातांनी उचलला.

पंधरा दिवसांनी अण्णांना तिकीट मिळालं नाही. सोळाव्या दिवशी त्यांना समोरच्या पक्षाचे विचार पटले. ज्या पक्षाला ते वीस वर्षं चोर म्हणत होते, त्याचा गमछा घालून ते पुन्हा वाडीत आले आणि म्हणाले, चिन्ह बदललंय, माणूस तोच आहे. आता ह्या चिन्हाला उचला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या पक्षाचा नवा उमेदवार आला. प्लॉटिंगचा धंदा करणारा तरुण, पायात पांढरेशुभ्र बूट. त्याला वाडीत ओळखत कुणी नव्हतं, पण त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. तो हात जोडून म्हणाला, तुम्ही भंडारा चिन्हाला उचललाय, अण्णांना नाही. चिन्ह माझ्याकडं आहे. देव बघतोय.

वाडीची झोप उडाली. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही चिन्हालाच भंडारा उचलत आलो होतो. माणूस चिन्ह सोडून पळेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता चिन्हाला मत द्यावं तर अण्णा हातचे जाणार, अण्णांना द्यावं तर देवाची शपथ मोडणार. घरात कुणाला ताप आला तरी लोक एकमेकांकडं संशयानं बघायला लागले, की याच्या मनात कुणाचं चाललंय. आमची म्हैस गाभण होती. आई रोज सकाळी तिच्या पाठीवर हात फिरवून मला फोन करायची आणि विचारायची, "तू बी.ए. हायेस ना, मंग सांग, कुनाला द्यावं?" तीन वर्षं राज्यशास्त्र शिकून मला याचं उत्तर येत नव्हतं.

शेवटी वाडी तात्यांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी "आन मग" म्हणाले नाहीत. म्हणाले, शपथ निम्मीच झालीय. भंडारा मत देणाऱ्यानं उचलला, मत घेणाऱ्यानं उचललेला नाही. निम्मी शपथ देव धरत नाही, पण सोडतही नाही. दोन्ही उमेदवारांना निरोप धाडा, की वाडीची मतं देवळात अडकल्यात, येऊन सोडवून घ्या.

शनिवारी मी वाडीला पोचले तेव्हा तात्यांनी मला बोलवून घेतलं. म्हणाले, तुझ्या त्या शिक्षणाचं उद्या काम आहे. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. एकच पान. साकव पहिल्या कोनशिलेजवळ व्हावा, त्या जागेला आमची हरकत नाही, पुढंही घेणार नाही, काम मिरगाच्या आत व्हावं. खाली दोन उमेदवारांची नावं आणि सहीसाठी रिकामी जागा. लिहून झाल्यावर त्यांनी कागदाला टिचकी मारली आणि कनवटीला लावला.

रविवारी सकाळी दोन्ही उमेदवार आले. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तात्यांनी ताट उचललं. रीतीप्रमाणं ते उजव्या बाजूच्या म्हाताऱ्यांकडं जायला हवे होते. ते सरळ चालत अण्णांसमोर जाऊन उभे राहिले.

"वाडीनं तिचा निम्मा उचललाय. ह्यो तुमचा. मिरगाच्या आत साकव करीन म्हना आन उचला."

देवळात पाच घंटा होत्या, एकही हलली नाही. अण्णांनी ताटाकडं तापलेल्या तव्याकडं बघावं तसं पाहिलं. मग घसा खाकरून अगदी पुणेरी मराठीत म्हणाले, "तात्या, आचारसंहिता लागलीये. असं काही करता येत नाही."

तात्या पांढऱ्या बुटांसमोर गेले. बूट अर्थात बाहेर होते, पण आता सगळे त्याला तेच म्हणत होते. त्यानं खिशातून फोन काढला. वरिष्ठांना विचारावं लागेल, म्हणाला. आमच्या देवळात रेंज नाही. तो फोन वर धरून तसाच उभा राहिला.

सगळ्यात आधी हसली ती माझी आई. पदर तोंडाला लावून हसली आणि मग पदर काढून म्हणाली, "आमाला उचलाय लावताना कुटं गेली व्हती आचारसंहिता?" त्यानंतर देऊळ हसलं. मी वाडीला इतकं एकत्र हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

हसू ओसरू दिलं आणि तात्यांनी कनवटीचा कागद काढला. म्हणाले, देवाचं राहू द्या, हा साधा कागद आहे, यावर तरी सही कराल? दोघांचे चेहरे एकदम सुटले. अण्णांनी तर स्वतःचं पेन काढलं. देवासमोर खोटं बोलायला घाबरणारी माणसं कागदावर काय वाटेल ते लिहायला किती खुशीनं तयार होतात. आचारसंहिता दोघांनाही आठवली नाही. एका पानावर, एकाखाली एक, दोघांच्या सह्या झाल्या. पहिल्यांदाच त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते दोघांनी न वाचता केलं होतं.

मग तात्यांनी ताटातला भंडारा स्वतःच्या बोटांनी सगळ्यांच्या कपाळाला लावला, उमेदवारांच्याही. म्हणाले, "फिटली. ज्येला ज्ये वाटंल त्येला द्या. हितून पुढं ताट आधी मागनाऱ्याकडं जाईल. आन कुनाला दिलं त्ये घरात बी सांगू नका." आणि ताट देवासमोर ठेवून दिलं. त्या ठिकाणी त्यांचे हात रिकामे असलेले मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनाही त्या हातांचं काय करावं ते कळत नसावं, कारण त्यांनी देवळाचा खांब ठोकून पाहिला.

मतमोजणीत आमच्या केंद्राचा निकाल फुटला तेव्हा दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते डोकं धरून बसले. निम्मी इकडं, निम्मी तिकडं, मूठभर अपक्षाला, चिमूटभर नोटाला. निवडून कोण आलं ते मी सांगत नाही, कारण त्यानं काही फरक पडला नाही. फरक पडला तो असा, की आमची वाडी पहिल्यांदाच कुणाची हक्काची नव्हती. आलेला आणि पडलेला दोघंही पुढचे कितीतरी दिवस वाडीत चकरा मारत होते, कोण आपलं आणि कोण त्याचं ते शोधत. सगळे दोघांनाही चहा पाजत होते.

मी रजा काढून तो कागद कार्यालयात नेला. टेबलावरच्या माणसानं सवयीनं सांगितलं, जागेबाबत वाद आहे. मी कागद पुढं केला. त्यानं दोन्ही सह्या पाहिल्या, कागद उलटून पाठीमागं काही आहे का पाहिलं, पुन्हा सुलटा केला. तीनदा मंजूर झालेल्या कामाला थांबवायला त्याच्याकडं काहीच उरलं नव्हतं. आणि हरकत घ्यायला ज्यांचे पक्ष येत असत, ते दोघं आता वाडी आपली करायच्या नादात कामाला गती द्या म्हणून फोन करत होते. त्यांनी काय लिहून दिलंय हे त्यांना फार उशिरा कळलं. मी अजून सहा वेळा रजा काढली. सहाव्या रजेला खांब उभे राहिले.

मिरगाला स्लॅब ओला होता. धाकटीची शाळा आठ दिवस बुडाली. त्यानंतर साकव सुरू झाला. उद्घाटनं दोन झाली, एक या टोकाला, एक त्या टोकाला, एकाच मुहूर्तावर. खरं उद्घाटन आमच्या शेळ्यांनी आदल्या दिवशीच उरकलं होतं.

सगळी वाडी साकवावरून जायला लागली, एकटे तात्या सोडून. ते दोन वर्षं खालून ओढ्यातूनच जात राहिले. जाताना खांब ठोकून बघायचे. मी म्हटलं, तात्या, तुमच्यामुळं झालाय आणि तुम्हीच वापरत नाही. ते म्हणाले, "माज्यामुळं झालाय म्हनून काय डोळं झाकून चढू? दोन पावसाळं काडू दे त्येला." तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी ते लग्नातलं धोतर नेसून आले, साकवाच्या मध्यापर्यंत गेले, टाच आपटली, परत आले आणि म्हणाले, "चालंल." एवढं कौतुक त्यांनी देवाचंही केलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्याच थंडीत ते गेले. आजारी न पडता, देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या. त्या पायरीच्या खालच्या अंगाला कुणातरी सभापतींचं नाव आहे.

तिसऱ्या दिवशी वाडीच्या तोंडाशी दोन फ्लेक्स लागले. दोन्हींवर तात्यांचा एकच फोटो. एका पक्षानं लिहिलं होतं, आमचे निष्ठावंत कार्यकर्ते. दुसऱ्यानं लिहिलं होतं, पक्षाचे आजन्म एकनिष्ठ सैनिक. नाव इथं लिहिलं तर तिसरा फ्लेक्स लागेल, म्हणून लिहिलं नाही. आईनं दोन्ही फ्लेक्स उतरवले, तात्यांचे फोटो कापून घेऊन घरात लावले, आणि उरलेल्या दोन निष्ठा जळणाच्या लाकडांवर झाकण म्हणून घातल्या. पाणी अजिबात आत जात नाही.

आता ताट त्यांच्या पुतण्याकडं आहे. मागच्या वेळी एक उमेदवार भंडारा मागायला आला, तेव्हा पुतण्यानं ताट सरळ त्याच्यासमोर नेलं. तो चहासुद्धा न घेता गेला.

धाकटी दहावी झाली. आठवीतले ते पहिले आठ दिवस सोडले, तर पावसामुळं तिचा एकही दिवस बुडाला नाही. कॉलेजलाही ती घरूनच जाते. वाडीतल्या सगळ्या मुली आता सातवीनंतर हायस्कूलला जातात, आणि त्यांना कुणाच्या घरी भांडी घासावी लागत नाहीत. पहिला दगड अजून काठावर आहे, साकवाच्या बरोबर खाली. मुली जाताना वाकून बघतात, कोण कुठवर बुडालंय. यंदाच्या पावसाळ्यात आमदार दोनदा बुडाले. शाळा एकदाही बंद झाली नाही.